आजीची कापिरोतादा, वही नसताना

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. मुलगा-सून टेक्ससमध्ये ऑस्टिनला. सून मूळची मेक्सिकोतल्या ग्वादालाहाराची. तिची आजी गेल्या वर्षी गेली. ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात ही आजी ‘कापिरोतादा’ नावाचा गोड पदार्थ करायची. कृती कुणीच लिहून ठेवलेली नाही. सुनेने इंटरनेटवर बघून तीनदा केली आणि तिन्ही वेळा चमचाभर खाऊन “ती नाही” म्हणत भांडं बाजूला सारलं. तुम्ही सहा महिने तिकडे जाणार आहात. चार वर्षांच्या नातीसाठी हे परत उभं करता येईल का, आणि मुळात त्यांच्या घरच्या गोष्टीत आपण हात घालावा का, असं तुम्ही विचारलंत.

हात घालाच. घरच्या माणसाला काही प्रश्न सुचतच नाहीत. पाव कुठून यायचा हे सुनेने आजीला कधी विचारलं नसणार, कारण पाव कायम तिथे असायचाच. मी पुएब्ला शहरात बावीस वर्षं राहते, नवरा इथला, आणि त्यातली चौदा वर्षं इथल्या मिठाया करून विकते. सासूबाईंच्या दोन्ही मुलींना त्यांच्या हातचं काहीही येत नाही. मला येतं, कारण पहिल्या वर्षी मला ओट्यावरची एकही गोष्ट ओळखता येत नव्हती, म्हणून मी सगळंच विचारत सुटले. अडाणीपणाचा असा फायदा तुम्हालाही होईल.

आता “ती नाही” याबद्दल. हे वाक्य लागलं असेल तुम्हाला, पण माझ्या कामात ते फार उपयोगी असतं. सून “गोड कमी झालंय” किंवा “कडक राहिलंय” असं म्हणत नाही. म्हणजे पदार्थ नीट झालाय, फक्त तो दुसऱ्या कुणाच्या घरचा आहे. मग प्रमाणात फेरफार करून काही हाती लागत नाही. घटक, भांडं आणि वेळ यांतलं काहीतरी चुकलेलं असतं, ते एकेक करून तपासायचं.

कापिरोतादा म्हणजे शिळ्या पावाच्या चकत्या, त्यावर दालचिनी-लवंग घातलेला गुळाचा पाक, मध्ये शेंगदाणे, बेदाणे आणि चीज, असे थर लावून मंद आचेवर मुरवलेला पदार्थ. राखेच्या बुधवारपासून, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवसापासून, गुड फ्रायडेपर्यंत, विशेषतः शुक्रवारी करतात. लोक त्याचा अर्थही सांगतात: पाव म्हणजे ख्रिस्ताचं शरीर, पाक म्हणजे रक्त, लवंगा म्हणजे खिळे, दालचिनीच्या कांड्या म्हणजे क्रूसाचं लाकूड आणि चीज म्हणजे कफन. हा अर्थ पदार्थाला मागाहून चिकटला असावा असं मला वाटतं, कारण मुळात ही शिळा पाव वाया न घालवण्याची युक्ती दिसते. पण आजी भांड्यात लवंग टाकताना नातवंडांना हे सांगत असेल, तर तो पाककृतीचाच भाग धरा आणि लिहून घ्या.

पावापासून सुरुवात करा. बाकी मेक्सिकोत बोलियो नावाचा छोटा, दोन्ही टोकांना निमुळता पाव मिळतो. ग्वादालाहारात मिळतो तो बिरोते. बाहेरून चांगला कडक, आतून दाट, चवीला किंचित आंबूस. तिथे ‘तोर्ता आओगादा’ म्हणून एक खाणं आहे, ‘बुडवलेलं सँडविच’ म्हणा ना. अख्खं सँडविच टोमॅटोच्या तिखट रश्शात बुडवून देतात आणि तरी त्याचा लगदा होत नाही, तो या पावामुळे. हा पाव दुसऱ्या गावात जमतच नाही असं ग्वादालाहाराचे लोक शपथेवर सांगतात आणि श्रेय तिथल्या हवेला देतात. मी ते आंबवणाला देते. ते काही असो, सुनेने ऑस्टिनच्या दुकानातला मऊ पाव वापरला असेल तर पाक पडल्यावर त्याची खीर झाली असणार. आजीच्या कापिरोतादात चकतीला दाताखाली थोडा तरी विरोध असणार. बिरोते मिळाला नाही तर आंबवलेल्या पिठाचा, कडक सालीचा लांबोडा पाव घ्या. बोटभर जाडीच्या चकत्या कापा आणि दोन दिवस उघड्यावर वाळू द्या.

पुढचा प्रश्न: आजी त्या चकत्या भाजायची की तळायची? तळायची असेल तर कशात? त्या पिढीत डुकराची चरबी सर्रास वापरायचे. तुम्ही शाकाहारी असाल तर तुमच्या वाटणीच्या चकत्या लोण्यात परता, पण सुनेच्या भांड्यात लोणी घालून “जवळपास तसंच लागतं” असं म्हणू नका. तसं लागत नाही.

पाकात दोन जागी घोळ होतो. इंटरनेटवरच्या कृतींत ब्राऊन शुगर लिहिलेली असते, आणि ती बहुतेक वेळा साखरेला काकवी चोळलेली असते. इथे वापरतात तो पिलोन्सियो. कोनाच्या आकाराची ढेप, आपला गूळच तो. रंगाने फिका आणि गडद असे दोन प्रकार मिळतात, कापिरोतादाला गडद घ्यायचा. ऑस्टिनच्या मेक्सिकन दुकानांत सहज मिळेल. तुम्ही पुण्याहून गूळ नेणारच असाल तर पिवळाधमक नको, काळसर न्या. दुसरा घोळ दालचिनीचा. अमेरिकेतल्या दुकानांत मिळते ती बहुधा जाड सालीची कॅशिया, तिखट आणि उग्र. मेक्सिकोत ‘कानेला’ म्हणून मिळते ती सिलोनची. कांडी दोन बोटांत दाबून बघा. पापुद्रे सुटून चुरा झाला तर ती कानेला, बोट दुखलं तर कॅशिया. साधारण अर्धा किलो पावाला चारशे ग्रॅम पिलोन्सियो, लिटरभर पाणी, दोन कांड्या आणि चार-पाच लवंगा यावर सुरुवात करा. पाक तारेवर न्यायचा नाही, चमच्याला जेमतेम चिकटला की पुरे, नाहीतर पाव तो पिणारच नाही.

आणि हे वाचून हसू नका: काही घरांत या पाकात टोमॅटो आणि कांदा उकळतात. गाळून काढतात, खाताना कुणाला कळतही नाही, पण पाकाला एक खोल, किंचित आंबट चव येते. जिने ती लहानपणी खाल्ली तिला कांदा नसलेला पाक पोकळ लागतो, आणि का पोकळ लागतो ते तिला सांगता येत नाही. हा प्रश्न विहीणबाईंना थेट विचारा. काही घरांत दुधातली, पांढरी कापिरोतादा असते. ती निघाली तर गूळ दुधात उकळू नका. गुळाची खीर फाटते तशीच तीही फाटते.

चीजचंही तेच. काही घरांत खारट, हाताने चुरा होणारं कोतिहा, काही घरांत वितळून ताणलं जाणारं. गोड पाक आणि खारट चीज हीच तर या पदार्थाची जान आहे. पण आपल्यासारख्या नव्या माणसाचा हात तिथे हमखास आखडतो. माझाही आखडला होता.

एवढं सगळं असलं तरी पैजच लावायची तर मी तळाशी असलेल्या तोर्तियांवर लावेन. मातीच्या भांड्याच्या बुडाला तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पातळ भाकऱ्या, अंथरायच्या आणि त्यावर पावाचे थर, अशी ग्वादालाहाराकडची जुनी पद्धत आहे. हेतू एवढाच, की पाव बुडाला लागू नये. पण तोर्तियाचा मका चुन्याच्या पाण्यात शिजवलेला असतो. तो वास वाफेबरोबर वर चढतो आणि सगळ्या भांड्यात भरतो. ओव्हनच्या काचेच्या ट्रेमध्ये तोर्तियांची गरजच पडत नाही, म्हणून नव्या कृतींतून त्या गळतात आणि त्यांच्याबरोबर तो वासही जातो. सुनेला “आजी तोर्तिया घालायची का गं?” एवढंच विचारा आणि तिच्या चेहऱ्याकडे बघा.

भांड्याबाबत मात्र एक सावधगिरी. आजीचं जुनं, झिलईचं मातीचं भांडं घरात असेल तर ते शोभेला ठेवा, त्यात शिजवू नका. मेक्सिकोतल्या पारंपरिक झिलईत शिसं असायचं, आजही काही भांड्यांत असतं, आणि ते अन्नात उतरतं. लहान मुलांना ते सगळ्यात घातक. शिसं नसलेली मातीची भांडी आता मिळतात, नाहीतर जाड बुडाचं पातेलं घ्या. भांड्याशी जडलेली माया मला कळते. पण खाणारी पोर चार वर्षांची आहे.

आता विहीणबाईंना फोन लावण्याबद्दल. “कृती सांगा” असं विचारू नका. असं विचारलं की माणूस घाबरतो आणि छापील कृतीसारखं काहीतरी सांगून मोकळा होतो. आजूबाजूचं विचारा. पाव कोण आणायचं? भांडं कुठल्या चुलीवर असायचं? गरम खायची की गार? उरलेली सकाळी कशाबरोबर? मुलांना चोरून काय मिळायचं, शेंगदाणे की चीज? वरून रंगीत साखरेच्या गोळ्या भुरभुरायची का? (काही घरांत भुरभुरतात, मला बघवत नाही, पण माझ्या मताला इथे काय किंमत.) एका फोनमध्ये सगळं निघणार नाही. माणसं पदार्थ कधी विसरत नाहीत, त्यांना तो भलत्याच गोष्टीच्या आडून आठवतो. माझ्या एका गिऱ्हाईक बाईला आईच्या खिरीत संत्र्याची साल असायची हे आठवलं, ते संत्री महाग झाल्याची तक्रार करता करता.

जमलं तर विहीणबाईंनाच व्हिडिओवर समोर बसवून करायला लावा आणि मापं हातून काढून घ्या. ही युक्ती मी सासूबाईंवर केली. त्या मूठ भरून शेंगदाणे भांड्यात टाकणार, तेवढ्यात मी खाली वाटी धरायची, वाटी काट्यावर ठेवायची आणि मग भांड्यात ओतायची. दोन तास त्या माझ्यावर डाफरत होत्या. पण त्यांची ‘एक मूठ’ ४२ ग्रॅम भरली, माझी ५५. त्यांचे हात लहान. त्यांच्या सगळ्या कृती मी इतकी वर्षं ‘मुठीने’ करत होते आणि दर वेळी थोड्या जड होत होत्या, त्याचं कारण त्या दिवशी कळलं. पातळ गोष्टींसाठी आधी बाटलीचं वजन, नंतर पुन्हा बाटलीचं वजन. “पीठ मागेल तेवढं पाणी” असं सासूबाई म्हणाल्या तर वाद घालायचा नाही, भांडं तोलायचं. आपल्याकडे ‘मावेल तितकं पीठ’ म्हणतात, तेच हे. मेक्सिकोतल्या जुन्या हस्तलिखित वह्यांत तर ‘अर्ध्या रेआलची दालचिनी’ अशी मापं सापडतात. रेआल म्हणजे तेव्हाचं नाणं. चार आण्याचं केशर म्हणावं तसं. नाणं गेलं, भाव बदलले, आता बसा हिशोब करत.

इथे थोडं विषयांतर करते. कापिरोतादाचा शोध घेताना तुम्हाला दर दुसऱ्या मिठाईमागे एक जोगीण भेटेल: अमुक मठातल्या अमुक जोगिणीने बिशपसाठी केली वगैरे. मठांत मिठाया होत होत्या हे खरंच. पुएब्लात सांता क्लारा मठाच्या नावाच्या, भोपळ्याच्या बियांचा लेप दिलेल्या तोर्तितास, म्हणजे छोट्या गोड बिस्किटांसारख्या चकत्या, आजही मिठायांच्या गल्लीत विकतात. मीही करते. पण मठांत भट्टीपुढे बसणाऱ्या, पाटा-वरवंटा ओढणाऱ्या मोलकरणी बहुतेक आदिवासी बायका होत्या, आणि त्यांचं नाव एकाही गोष्टीत नसतं. मेक्सिकोचा पारंपरिक स्वयंपाक युनेस्कोच्या यादीत २०१० साली गेला. चांगलंच झालं. पण सुनेच्या आजीला टोमॅटो-कांद्याचा पाक कुणी शिकवला असेल, हे त्या यादीत सापडणार नाही.

नातीसाठी म्हणाल तर एक पदार्थ पुरणार नाही, तिला वर्षभराची लय द्या. सहा जानेवारीला रोस्का दे रेयेस, म्हणजे कड्यासारखा गोड पाव. त्यात बाळाची लहानशी बाहुली दडवलेली असते. ज्याच्या तुकड्यात ती निघेल त्याने दोन फेब्रुवारीला सगळ्यांना तामालेस, म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेले मक्याच्या पिठाचे उंडे, खायला घालायचे. चार वर्षांच्या मुलीला याहून चांगला खेळ नाही, फक्त ती बाहुली गिळत नाही ना ते बघा. रोस्कावर पूर्वी ‘आसित्रोन’ लावायचे, म्हणजे बिस्नागा नावाच्या निवडुंगाचा पाकवलेला गर. तो निवडुंग वाढायला कित्येक दशकं लागतात आणि आता तो कायद्याने संरक्षित आहे, रानातून काढता येत नाही. तरी कुठेतरी चोरून मिळतो आणि “आजीची चव” म्हणून लोक घेतात. तुम्ही घेऊ नका. पेरूच्या किंवा क्विन्स नावाच्या फळाच्या वडीच्या पट्ट्या लावा, आता बहुतेक बेकऱ्या तेच करतात. ही वडी इथे ‘आते’ म्हणून मिळते. गोव्याची पेराद खाल्लेली असेल तर ओळखीची वाटेल. दोन्हींची रीत स्पेन-पोर्तुगालकडूनच आलेली.

नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत गेलेल्या माणसांसाठी घरात मांडणी करतात, फुलं, मेणबत्त्या, फोटो आणि त्यांच्या आवडीचं खाणं. आपल्या पितृपक्षासारखी शांतता तिथे अपेक्षू नका, गप्पा-हसणं चालतं. आजीचा फोटो असेल तिथे कापिरोतादा ठेवायची का? ऋतू तिचा नाही, पण मांडणी आजीच्या आवडीची असते, पंचांगाची नव्हे. हे सुनेने ठरवावं. भोपळा मात्र हवाच. सालासकट मोठे तुकडे पिलोन्सियोच्या पाकात शिजवायचे, त्याला कालाबासा एन ताचा म्हणतात. पहिल्या वर्षी मी तो तसाच शिजवला आणि सासरच्या वीस माणसांपुढे नारिंगी लापशी वाढली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या वर्षी फक्त चुन्याच्या निवळीचं भांडं माझ्यापुढे सरकवलं. तुकडे निवळीत तासभर ठेवून स्वच्छ धुतले की शिजूनही अंगाला घट्ट राहतात. पेठा करणारे कोहळ्याचं हेच करतात.

मांडणीवरच्या साखरेच्या कवट्यांना आणि आकृत्यांना ‘आल्फेन्यीके’ म्हणतात, तोलुका शहरात त्यांची जत्राच भरते. हा शब्द अरबी-फारसीतून मागे मागे नेला तर संस्कृतातल्या ‘फाणित’पाशी, म्हणजे आटवलेल्या उसाच्या रसापाशी पोहोचतो. पाडव्याच्या साखरगाठी नातीच्या गळ्यात घालाल तेव्हा सुनेला हे सांगा, तिला मजा वाटेल.

आणि एक पदार्थ असा आहे जो तुम्हाला शिकावाच लागणार नाही. इथे रस्त्यावर सगळीकडे ‘आलेग्रिया’ विकतात. नावाचा अर्थ आनंद. ती म्हणजे फुलवलेल्या राजगिऱ्याची वडी, मध किंवा गुळात वळलेली. राजगिरा मूळचा अमेरिका खंडातला. स्पॅनिश येण्याआधी मेक्सिकोत राज्य करणारे अस्तेक लोक त्याच्या पिठात मध वगैरे मिसळून देवाच्या मूर्ती करायचे आणि सणाच्या शेवटी त्यांचे तुकडे वाटून खायचे. सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साहागून या स्पॅनिश पाद्र्याने याचं तपशीलवार वर्णन लिहून ठेवलंय. पाद्र्यांना त्यात आपल्याच धर्मविधीची नक्कल दिसली आणि त्यांनी तो विधी मोडून काढला. पीक मात्र टिकलं. मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला तुल्येवाल्को गावात आजही आलेग्रिया वळतात. तेच धान्य समुद्र ओलांडून आपल्या एकादशीच्या ताटात येऊन बसलं. सुनेला राजगिऱ्याचा लाडू द्या आणि काही न सांगता खाऊ द्या. मी सासूबाईंना दिला तेव्हा त्या म्हणाल्या, “आमची आलेग्रिया तुम्ही गोल का करता?”

कापिरोतादाचा पहिला प्रयत्न फसेल असं धरून चाला, दुसराही कदाचित. दर वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत तारखेसह लिहा: कुठला पाव, कुठलं चीज, सून काय म्हणाली. “ती नाही” ऐवजी एखाद दिवशी ती “पाक तिचा आहे, पाव नाही” असं म्हणेल. मग पाक तसाच ठेवून फक्त पावाच्या मागे लागा. वही सुनेच्या हातात द्या, नाव आजीचं घाला.

विमानात बसायच्या आधी सुनेला एक निरोप द्या: पहिल्या शुक्रवारसाठी पाव बुधवारीच आणून ठेव म्हणावं, कापून, टोपलीत, उघडा. पिशवीत नको, बुरशी येते.